मंगळवारची मंडळी

मंगळवारी दुपारी तीन ते साडेचार.
रविवार त्यांना मिळत नाही.
रविवारी मोमोच्या गाड्यांना उसंत नसते,
सोसायट्यांत पाहुणे येतात,
गेट कुणी उघडायचं?

म्हणून वाकोल्यात, मिरची-मसाल्याच्या गिरणीवर
डोंगरे सरांच्या क्लासची खोली.
चावी माझ्याकडे.
भाडं महिना अडीच हजार, आमच्या पंचांनी मंजूर केलेलं
एका वर्षापुरतं.
पुढचं, वाढ बघून.

फळ्यावर सरांचं अक्षर : पुसू नये.
त्याखाली एक टाकी आणि दोन नळ,
एक भरतो, दुसरा रिकामी करतो,
तर टाकी किती तासांत भरेल?
त्या गणिताला पाठ लावून
टीकाराम बुढा वचन सांगतो.
सतरा मजल्यांखाली रात्रभर जागलेला,
शर्टावर सिक्युरिटीचा बिल्ला तसाच.
मधेच जांभई येते, तो हात जोडून माफी मागतो,
नेमकी कुणाची, ते कळत नाही.

खाली गिरणी सुरू झाली की ठसका वर चढतो
आणि प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे वाहू लागतात.
पहिल्या महिन्यात मला वाटलं होतं,
केवढा आत्मा उतरलाय!

माझी नेपाळी ‘सन्चै हुनुहुन्छ?’च्या पुढे सरकत नाही.
पण पाप, क्षमा, भात
हे शब्द आमचे एकच निघाले,
तेवढ्यावर वर्ष निभावलं.

पहिल्या प्रभुभोजनाला प्याले नव्हते.
मेडिकलवाल्या गालाकडून मी
खोकल्याच्या औषधाची झाकणं आणली, चाळीस,
उकळून, पुसून.
द्राक्षरस विसरलो.
घरात कोकमाचं सरबत होतं,
बायकोने सवयीने मीठ आणि जिरं घातलेलं.
झाकण ओठाला लावताच पोरांनी तोंडं वाकडी केली.
मी मान खाली घातली.
तेव्हा मनसरा, चायनीजच्या गाडीवर कोबी चिरणारी,
बोटांना तीन पट्ट्या,
हळूच म्हणाली, रगत नुनिलोच हुन्छ, दाजु.
रक्त खारटच असतं.
तेव्हापासून कोकमच.

आता वर्ष संपलं.
पंचांच्या टेबलावर छापील तक्ता :
मागील संख्या. नवीन भर. एकूण.
मी लिहिलं : अकरा.
मग एकवीस.
मग चौतीस, दिवाळीआधी, मादल घेऊन.
मग नऊ.
रोपणीला काही गावी गेले,
दोघं सुरतेला, एक कतारला,
एक कुटुंब खोलीचं भाडं वाढलं म्हणून नुसतंच नाहीसं.
उजागरे मास्तर चष्मा वर करून म्हणाले,
ही मंडळी आहे की धर्मशाळा?
मला उत्तर सुचलं नाही.
चहा आला, विषय पुढच्या बैठकीवर गेला.

त्याच रात्री टीकारामने ड्युटीवरून फोन लावला.
अछामला परतलेल्या पूर्णेने
मक्याची कणसं टांगलेल्या ओसरीवर
सात जण जमवलेत.
मंगळवारीच.
तिथे शनिवारी सुट्टी असते, मी म्हटलं,
सगळे शनिवारीच जमतात ना?
हो, तो म्हणाला,
पण पूर्णे म्हणते प्रभूचा वार मंगळवार,
ती मुंबईत हेच शिकली.
मी हसलो. मग बराच वेळ झोप आली नाही.
तक्त्यात त्या सातांसाठी रकाना नव्हता.

आज डोंगरे सरांनी मला जिन्यातच गाठलं.
फळ्यावर कुणी हात लावला?
मनसराच्या अनमोलने, उपदेश चालू असताना,
गणिताखाली खडूने उत्तर लिहिलं होतं.
मी पुसायला निघालो.
राहू द्या, सर म्हणाले. उत्तर चुकलंय,
पण रीत बरोबर आहे.

खिशातून माझेच अडीच हजार काढून
मी त्यांच्या हातात ठेवले.
त्यांनी पावतीपुस्तक उघडलं, पेन झटकलं.
कुणाच्या नावाने फाडू?
नाव, मी म्हटलं,
अजून ठेवलेलं नाही.